पीएच मीटरचा पहिला टप्पा: आदर्श ऑप-अँप आणि हातातला ऑप-अँप (प्रकल्प नोंदी)

१२ जून २०२४, पुणे

सासवडच्या दाजींनी त्यांच्या अंजिराच्या बागेसाठी मातीचा पीएच घरच्या घरी मोजता येईल असे काहीतरी करून मागितले, त्यातून हे काम सुरू झाले. तयार मीटर बाजारात मिळतो, पण भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्याबरोबर हे काम हाताने करावे असे ठरले. इलेक्ट्रोड, म्हणजे काचेच्या फुग्याची नेहमीची कांडी, आणि ४, ७ व ९.२ पीएचच्या बफरच्या, म्हणजे ठरावीक पीएचचे द्रावण करायच्या, गोळ्या आणल्या आहेत.

काचेचा इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. पीएच ७ ला शून्य, आम्लाकडे धन, अल्कलीकडे उणे. तेव्हा ४ च्या बफरमध्ये १७७ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. इलेक्ट्रोड सरळ मल्टिमीटरला जोडला, तर १४.६ आले. भाच्याला वाटले इलेक्ट्रोड खराब निघाला. तसे नव्हते. माझ्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम आहे आणि काचेच्या पातळ पडद्याचा रोध त्याच्या दसपटीहून जास्त, त्यामुळे व्होल्टेजचा मोठा वाटा काचेतच खर्ची पडला आणि मीटरच्या वाट्याला उरलासुरला आला. तोच हिशेब उलटा मांडला की इलेक्ट्रोडचा रोध ११० मेगाओहमच्या घरात निघतो. खराब वाटलेल्या आकड्याने हवी असलेली माहिती फुकट दिली.

आता इलेक्ट्रोड आणि मीटर यांच्यामध्ये ऑप-अँपचा (दोन इनपुटमधला फरक प्रचंड वाढवून देणाऱ्या आयसीचा) व्होल्टेज फॉलोअर, म्हणजे आलेले व्होल्टेज जसेच्या तसे पुढे देणारे सर्किट, बसवायचा: आउटपुट थेट उणे इनपुटला जोडायचे आणि इलेक्ट्रोड धन इनपुटला. भाच्याच्या वहीत आदर्श ऑप-अँपचे नियम ठळक अक्षरांत आहेत: इनपुटमध्ये करंट शिरत नाही, दोन्ही इनपुटचे व्होल्टेज सारखे राहते, इनपुटचा रोध अनंत. "मामा, करंट जातच नाही म्हटल्यावर कोणताही ऑप-अँप चालेल की!" असे तो म्हणाला. मी होकार दिला आणि डब्यातला ७४१, हा जुना आणि नेहमीचा ऑप-अँप, काढून दिला. पुढचे दोन आठवडे त्या एका होकाराचे आहेत.

१६ जून

दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, म्हणजे धन आणि उणे ९ व्होल्टवर, ७४१ चा फॉलोअर ब्रेडबोर्डवर उभा केला. इलेक्ट्रोड लावण्याआधी नुसते मोजमाप केले. धन इनपुट थेट जमिनीला जोडले असता आउटपुट १.२ मिलिव्होल्ट आले. हे ऑफसेट व्होल्टेज. नंतर जमीन आणि धन इनपुट यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर घातला, तेव्हा आउटपुट उणे ६६.८ मिलिव्होल्टवर गेले. फरक ६८ मिलिव्होल्ट, रेझिस्टर १ मेगाओहम, म्हणून करंट ६८ नॅनोअँपिअर. डेटाशीट ७४१ साठी ८० नॅनोअँपिअर हा सर्वसाधारण आणि ५०० हा कमाल आकडा देते, तेव्हा हा नग चांगल्यांत मोडतो.

हा करंट येतो कुठून, हे भाच्याला कागदावर काढून दाखवले. ७४१ च्या आत, २ आणि ३ नंबरच्या पायांमागे, एकेका एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे त्याला चालू ठेवणारे टोक, आहे. त्या ट्रान्झिस्टरमधून साधारण १० मायक्रोअँपिअर वाहतात, आणि ट्रान्झिस्टरची वर्धनक्षमता शंभर ते दोनशे धरली तर बेसला ५० ते १०० नॅनोअँपिअर लागणारच. ही गळती नव्हे, ट्रान्झिस्टर चालू राहण्यासाठी मागतो तो शिधा आहे. यालाच बायस करंट म्हणतात; इनपुटला सिग्नल असो वा नसो, तो चालूच राहतो.

इथे एक गैरसमज माझाही बराच काळ होता, तो नोंदवून ठेवतो. ७४१ चा इनपुट रोध डेटाशीटमध्ये २ मेगाओहम दिला आहे, आणि ११० मेगाओहमच्या इलेक्ट्रोडपुढे २ मेगाओहम म्हणजे सगळाच खेळ संपला, असे वाटते. पण हे २ मेगाओहम दोन इनपुटच्या मध्ये आहेत, इनपुट आणि जमीन यांच्या मध्ये नाहीत. फॉलोअरमध्ये आउटपुट उणे इनपुटला धन इनपुटच्या मागोमाग नेत राहते. वर्धन दोन लाख असेल तर १ व्होल्टच्या सिग्नलला त्या दोन पायांमध्ये फक्त ५ मायक्रोव्होल्ट उरतात, आणि ५ मायक्रोव्होल्ट २ मेगाओहममधून अडीच पिकोअँपिअर ढकलतात. म्हणजे फीडबॅकने तो रोध सुमारे दोन लाख पटींनी फुगवून दिलेला असतो. फीडबॅक रोध सुधारतो, बायस करंट मात्र सुधारत नाही, कारण तो सिग्नलवर अवलंबूनच नसतो. पुस्तकात 'अनंत रोध' आणि 'शून्य करंट' एकाच ओळीत लिहिलेले असल्याने दोन्ही एकच गोष्ट वाटतात. त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि आमच्या कामात दुसरीच नडणार आहे.

फीडबॅकच्या वाटेत १ मेगाओहम घालून उणे इनपुटचाही करंट काढला: ६१.२ नॅनोअँपिअर. दोन्ही जागी १ मेगाओहम ठेवल्यावर आउटपुट उणे ५.५ मिलिव्होल्टवर आले. दोन्ही इनपुटना सारखा रोध दाखवला की दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो तो फक्त दोन करंटमधला फरक, म्हणजे ऑफसेट करंट. जुन्या सर्किटांत धन इनपुटला लावलेला आणि उगाच वाटणारा रेझिस्टर याचसाठी असतो.

१७ जून

दहा मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकामागे एक जोडून खोटा इलेक्ट्रोड केला. हिशेबाने ६८ नॅनोअँपिअर आणि १०० मेगाओहम म्हणजे उणे ६.८ व्होल्ट यायला हवेत. मीटरवर उणे ६.४ आले, कारण उणे पुरवठ्याच्या इतक्या जवळ ७४१ चा पहिला टप्पा गुदमरू लागतो. खरा इलेक्ट्रोड लावल्यावर ४ च्या बफरमध्ये आणि ९.२ च्या बफरमध्ये आकडा एकच, तळाला टेकलेला. भाच्याने हिशेबातल्या चुकीचे (इलेक्ट्रोडच्या ११० मेगाओहमवर ७.४८ व्होल्ट) पीएचमध्ये रूपांतर केले: १२६. ज्या मोजपट्टीवर एकूण १४ घरे आहेत तिच्यावर १२६ ची चूक. तो बराच वेळ हसत होता.

७४१ ला नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. 'ऑपरेशनल अँप्लिफायर' हे नाव रागाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली छापलेल्या लेखातून रूढ झाले, आणि तिथे विषय होता अॅनालॉग संगणकावर गणिते सोडवण्याचा. १९६८ साली फेअरचाइल्ड या अमेरिकन चिप कंपनीत डेव्ह फुलागर यांनी ७४१ आणला, तोही रोजच्या वापरातल्या किलोओहमच्या सर्किटांसाठी. दहा किलोओहमवर ६८ नॅनोअँपिअरची चूक ०.६८ मिलिव्होल्ट होते, ऑफसेटपेक्षाही कमी. तिथे 'करंट शून्य' म्हणणे खोटे नाही. नियमात फक्त एवढेच लिहिलेले नसते की शून्य कोणाच्या मानाने.

२१ जून

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन टीएल०७१ हे ऑप-अँप आणले. याच्या इनपुटला जेफेट आहे, म्हणजे बेसऐवजी गेट असलेला आणि जवळजवळ करंट न मागणारा ट्रान्झिस्टर; बायस करंट डेटाशीटप्रमाणे साधारण ६५ पिकोअँपिअर, म्हणजे ७४१ च्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. पाच नग घेतले. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काय झाले ते उद्या-परवाच्या नोंदीत येईलच.

२३ जून

पिकोअँपिअर मोजायला १ मेगाओहम पुरत नाही. ५० पिकोअँपिअरला त्यावर फक्त ५० मायक्रोव्होल्ट पडतात आणि ते ऑफसेटमध्ये हरवून जातात. म्हणून दुसरी रीत. धन इनपुट आणि जमीन यांच्यामध्ये १००० पिकोफॅरडचा पॉलिस्टायरीन कपॅसिटर लावायचा, तो तारेने क्षणभर शॉर्ट करून सोडायचा, आणि आउटपुट १ व्होल्ट सरकायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. बायस करंट कपॅसिटर भरत जातो. ५० पिकोअँपिअर असेल तर १ व्होल्टला २० सेकंद. घड्याळ आणि मल्टिमीटर, बाकी काही लागत नाही.

आणलेला टीएल०७१ लावला, तार उचलली, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आउटपुट तळाला. पाचही नगांची तीच कथा. कपॅसिटर बदलला, ब्रेडबोर्डची जागा बदलली. शेवटी १ मेगाओहमची जुनी चाचणी घेतली, तर फरक ५४ मिलिव्होल्ट, म्हणजे ५४ नॅनोअँपिअर. जेफेटचा असा करंट असूच शकत नाही. खात्रीसाठी ऑसिलोस्कोपवर १० किलोहर्ट्झची चौकोनी लहर दिली: १० व्होल्ट चढायला २० मायक्रोसेकंद लागले, म्हणजे अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, हुबेहूब ७४१ ची चाल. टीएल०७१ ची चाल डेटाशीटमध्ये १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे. वरचे अक्षर घासून नवे छापलेले दिसते. एका नगाची पाठ थिनरच्या बोळ्याने पुसली तर काळा रंग बोळ्यावर आला आणि खाली जुन्या छपाईच्या पुसट खुणा दिसल्या.

दुकानदाराला दाखवले. "साहेब, वर लिहिलंय तेच आत असणार ना," एवढेच उत्तर मिळाले. पैसे गेले, पण इनपुट करंट ही ऑप-अँपची बोटाची खूण आहे आणि ती रंगवता येत नाही, हे भाच्याला कोणत्याही तासाला इतके नीट कळले नसते.

३० जून

माझ्याकडच्या एका जुन्या, बंद पडलेल्या ऑडिओ मिक्सरच्या बोर्डातून खरा टीएल०७१ काढला. २७ अंशाला १ व्होल्ट सरकायला २४ सेकंद, म्हणजे ४२ पिकोअँपिअर. मग टेबललॅम्प जवळ आणून आयसीशेजारी ठेवलेला थर्मामीटर ४७ अंशांवर नेला, तेव्हा तोच व्होल्ट ६ सेकंदांत सरकला. वीस अंशांत चौपट. दर दहा अंशांना दुप्पट ही जेफेटच्या गेटची ठरलेली वागणूक आहे, कारण ती उलट्या जोडलेल्या जंक्शनची गळती असते. ७४१ दिव्याखाली ठेवला तर त्याचा करंट ६८ वरून ६१ वर उतरला, कारण तापल्यावर ट्रान्झिस्टरची वर्धनक्षमता वाढते आणि बेसची मागणी घटते. दोघांची प्रकृती अगदी उलटी. चैत्रातल्या सासवडच्या उन्हात पेटीत ठेवलेल्या जेफेटचे काय होईल, हा विचार आत्ताच करायला हवा.

आज पालख्या पुण्यात आल्या. रस्ते बंद असल्याने भाचा इथेच मुक्कामाला आहे, त्यामुळे काम पुढे सरकले.

६ जुलै

सीए३१४० हा आणखी एक ऑप-अँप आणला, या वेळी दुसरीकडून, आणि आधी १ मेगाओहमची चाचणी घेऊनच घरात घेतला. याच्या इनपुटला मॉसफेट, म्हणजे गेट इन्सुलेटरने वेगळे ठेवलेला ट्रान्झिस्टर, आहे; डेटाशीटमध्ये १० पिकोअँपिअर आणि दीड लाख कोटी ओहम, म्हणजे दीड टेराओहम. पाय ७४१ सारखेच असल्याने त्याच जागी बसला.

कपॅसिटरची चाचणी: १ व्होल्ट, ९ सेकंद. म्हणजे १११ पिकोअँपिअर, टीएल०७१ पेक्षाही वाईट!

पहिली शंका अर्थातच पुन्हा नकली मालाची आली. पण नकली ७४१ असता तर हजारोंनी करंट दिसला असता, शंभरांनी नाही. चहा पिताना पायांची आकृती पुन्हा पाहिली आणि उत्तर समोरच होते. धन इनपुट ३ नंबरच्या पायावर, आणि त्याला खेटून ४ नंबरवर उणे ९ व्होल्ट. या दोन पायांमध्ये ब्रेडबोर्डचे प्लास्टिक आहे, त्यावर माझ्या बोटांचा घाम आहे, आणि बाहेर आठवडाभर पाऊस लागून राहिला आहे. १११ पिकोअँपिअर वाहायला त्या प्लास्टिकचा रोध ८१ गिगाओहम असला तरी पुरे. एरवी ज्याला आपण निःशंकपणे इन्सुलेटर म्हणतो, तो या कामात रेझिस्टर ठरतो. आता मी मोजत होतो तो ऑप-अँप नव्हताच, पुण्याचा पावसाळा मोजत होतो.

७ जुलै

ब्रेडबोर्ड सोडून दिला. छिद्रांच्या बोर्डावर आयसी सोल्डर केली, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने दोनदा धुतला, दिव्याखाली तासभर वाळवला: ३५ सेकंद. सुधारले, पण अजून नाही.

मग जुन्या लोकांची युक्ती. आयसी काढली, चिमट्याने ३ नंबरचा पाय मुळापासून हलकेच वर वळवला, इतका की तो आडवा होऊन हवेत राहील, आणि बाकीचे सात पाय बोर्डात बसवले. पाय वळवताना प्लास्टिकच्या कडेला चीर जाऊ नये म्हणून चिमट्याचे एक टोक मुळाशी घट्ट धरावे लागते. कपॅसिटरचा पाय त्या तरंगत्या पायाला हवेतच सोल्डर केला. बोर्डाला कुठेही स्पर्श नाही. डाग देताना श्वाससुद्धा रोखून धरला होता, कारण मॉसफेटच्या गेटला स्थिर विजेचे भय असते आणि आत संरक्षक डायोड आहेत म्हणून निर्धास्त राहावे असे नाही. तार उचलली आणि दोघे घड्याळाकडे बघत बसलो. दीड मिनीट झाले तरी ०.६ व्होल्ट. १ व्होल्टला १५० सेकंद.

६.७ पिकोअँपिअर. इलेक्ट्रोडच्या ११० मेगाओहमवर ०.७४ मिलिव्होल्ट, म्हणजे पीएचच्या शंभराव्या भागाइतकी चूक. टीएल०७१ ची हीच चूक ४.६ मिलिव्होल्ट, ०.०८ पीएच होते. तीही मातीसाठी चालून गेली असती, पण उन्हात नाही.

१३ जुलै

पेटीत हवेत लोंबणारा सोल्डर दाजींच्या मोटारसायकलवर टिकणार नाही. म्हणून इनपुटच्या बिंदूभोवती तांब्याची एक कडी काढली आणि ती आउटपुटला जोडली. फॉलोअरचे आउटपुट इनपुटइतकेच असते, त्यामुळे कडी आणि इनपुट यांच्यात व्होल्टेजचा फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर मधल्या दमट बोर्डातून करंट वाहायचे कारणच उरत नाही. उणे ९ व्होल्टची गळती येते ती कडीवर येऊन आउटपुटमध्ये विरते. केबलचे वेष्टनही याच कडीला जोडता येते, पण ते मी जमिनीलाच ठेवले. या कडीसह ३ नंबरचा पाय बोर्डात परत बसवून १३५ सेकंद आले.

एक गंमत: इलेक्ट्रोडची तार उघडी असताना आउटपुटवर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची लहर एवढी येत होती की शेवटचा आकडा वाचता येईना. सगळे सर्किट शंकरपाळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून डबा जमिनीला जोडला, तेव्हा शांत झाले. बहिणीचा डबा गेला.

२० जुलै

बफरवर पारख केली. ४ मध्ये १७१, ७ मध्ये ३, ९.२ मध्ये उणे १२४ मिलिव्होल्ट. दर पीएचमागे ५६.७, म्हणजे सिद्धांताच्या सुमारे ९६ टक्के. इलेक्ट्रोड ठीक आहे. ७ ला शून्याऐवजी ३ येतात ते सीए३१४० चे ऑफसेट. हजारपट वर्धन करून वेगळे मोजले, ते ३.१ मिलिव्होल्टच निघाले. ऑफसेटच्या बाबतीत सीए३१४० हा ७४१ पेक्षा वाईट, पण मला त्याची चिंता नाही: ते प्रत्येक बाटलीत तेवढेच राहते आणि ७ च्या बफरमध्ये एक पोटेन्शिओमीटर फिरवला की निघून जाते. कॉमन मोडच्या, म्हणजे दोन्ही इनपुट एकत्र वर-खाली गेल्याने येणाऱ्या, चुका या व्होल्टेजला मायक्रोव्होल्टांत आहेत, त्या सोडून दिल्या.

२५ जुलै

रात्रभर मुसळधार, खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्याकडे पाणी घरांत शिरल्याच्या बातम्या येत आहेत. वीज नाही. बॅटरीवर असल्याने डबा चालू आहे, आणि यापेक्षा दमट दिवस चाचणीला मिळणार नाही म्हणून कडीसह पुन्हा मोजले: १२० सेकंद. कडीची तार काढून: १४ सेकंद.

४ ऑगस्ट

भाच्याने प्रश्न विचारला: बायस करंटची चूकही ठरावीकच असेल, तर तीही ऑफसेटसारखी पोटेन्शिओमीटरने का काढू नये? प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर तोंडी न देता ७ चा बफर फ्रिजमध्ये ठेवून १२ अंशांवर आणला. ७ ला तापमानाने इलेक्ट्रोडचे व्होल्टेज जवळजवळ बदलत नाही, पण काचेचा रोध थंडीत कित्येक पटींनी वाढतो. आयसी मात्र खोलीच्या तापमानालाच ठेवली. टीएल०७१ वर आकडा ११ मिलिव्होल्ट सरकला, सीए३१४० वर २ मिलिव्होल्टही नाही. करंट तोच, रोध बदलला, म्हणून चूक बदलली. भाच्याने वहीतल्या 'इनपुट करंट शून्य' या ओळीपुढे पेन्सिलीने 'गुणिले स्रोताचा रोध' असे लिहिले. ते मी खोडले नाही.

१८ ऑगस्ट, सासवड

बागेतल्या चार जागांची माती आणली. २० ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास मधून मधून ढवळून, मग इलेक्ट्रोड. पहिल्या नमुन्यात उणे ६२ मिलिव्होल्ट, म्हणजे ८.१. दाजी म्हणाले, "एवढ्यासाठी दोन महिने?" आणि मग दुसऱ्या नमुन्याचा ग्लास त्यांनी स्वतःच धरला.

तिसऱ्या नमुन्याला आकडा थांबेना. वाऱ्याची झुळूक आली की १० ते १५ मिलिव्होल्ट इकडून तिकडे. इनपुट, कडी, डबा, सगळे तपासले. शेवटी लक्षात आले की केबल हलते आहे: वाकताना तिच्या आतले वेष्टन आणि इन्सुलेशन घासून जो इवलासा विद्युतभार तयार होतो, तो या इनपुटला पुरेसा दिसतो. केबल अंजिराच्या फांदीला सुतळीने बांधली, तेव्हा आकडा उणे ५८ वर स्थिरावला. विहिरीच्या पाण्याची बाटली पुण्याला बरोबर आणली आहे, ती उद्या सकाळी मोजायची.